दोघांचे संगीत

मोठ्या वाद्यवृंदात सारी वाद्ये एका माणसाच्या इशाऱ्यावर चालतात. जोडीच्या संगीतात इशारा देणारा तिसरा कोणी नसतो. एकाचा श्वास दुसऱ्याने ओळखावा, एवढाच तेथील नियम. स्कॉटलंडच्या लोकसंगीतातील जोडवादन ऐकताना हे विशेष जाणवते.

त्या देशाशी आमच्या सिंगापूरचा संबंध जुना आहे. येथील पहिले रेसिडेंट विल्यम फार्कर स्कॉटिश होते, आणि १८६९ साली पुऱ्या झालेल्या कॅव्हेना पुलाचे लोखंड ग्लासगोचे. तिकडचे संगीत मात्र माझ्या घरी अलीकडे आले, ते अॅलॅस्डेअर फ्रेझर व नॅटली हास यांच्या २००४ सालच्या ध्वनिमुद्रिकेतून. फ्रेझर यांचे फिडल म्हणजे आपले व्हायोलिनच; हास यांचा चेलो हे त्याचे खर्जातील थोरले भावंड. ही जोडी जुनी आहे. पर्थशायरचे विख्यात वादक नील गाऊ (१७२७–१८०७) यांना त्यांचे बंधू डोनाल्ड चेलोची साथ करीत. डेव्हिड अॅलन यांनी १७८० साली रंगविलेल्या एका लग्नाच्या चित्रात हे दोघे बंधू वाजविताना दिसतात. पुढे ही प्रथा मागे पडली. फ्रेझर आणि हास यांनी तिला उजाळा दिला. हास कधी ठेका धरतात, कधी सूर घेऊन पुढे होतात. तेव्हा फ्रेझर आपणहून मागे सरतात.

हे ऐकताना मला कोकणातील आमच्या घरचे जाते आठवते. आजी व मावशी समोरासमोर बसत. दोघींचे हात एकाच खुंट्यावर. ओवीचा एक चरण एकीने म्हणावा, पुढचा दुसरीने उचलावा. आजीला धाप लागली की मावशी जात्याचा वेग कमी करी आणि आपला चरण लांबवी. त्याविषयी दोघी कधी बोलल्या नाहीत.

त्या ओव्या माझी थोरली बहीण आणि मी शिकलो. ताई आज अश्दोदला असते. दर आठवड्याला आम्ही दूरध्वनीवर बोलतो. बरोबरीने ओवी म्हणून पाहिली. पण आवाज पोहोचण्यास क्षणभर उशीर होतो आणि तेवढ्याने ताल मोडतो. म्हणून ताई चरण म्हणते, मी थांबते. मग मी म्हणते. ती पंच्याऐंशी वर्षांची आहे. “प्रकृती उत्तम आहे” असे ती नेहमी सांगते. तिचा श्वास किती पुरतो, हे मला ओवीतूनच कळते. गेल्या महिन्यात तिचा चरण अर्ध्यावर तुटला. उरलेला मी उचलला. तीही काही बोलली नाही, मीही नाही.

डिसेंबरचे तिकीट काढले आहे. जाते तेथे नाही. समोरासमोर बसणे तरी होईल.