केसांचें वळण

विधात्यानें जें दिलें त्यावर मनुष्य कधींच संतुष्ट नसतो, हें समजण्यास तत्त्वज्ञानाचे ग्रंथ उघडण्याचें कारण नाहीं. कोणत्याहि केशकर्तनालयाच्या दाराशीं घटकाभर उभें राहिलें म्हणजे पुरे. ज्यांचे केस सरळ ते कुरळे करून घेण्यासाठीं आंत शिरत असतात, आणि ज्यांचे कुरळे ते सरळ करून घेण्यासाठीं. १९०६ सालीं कार्ल नेसलर नांवाच्या जर्मन केशकारानें सरळ केसांना कायमचें वळण देण्याची युक्ति लंडनच्या लोकांस दाखविली, तेव्हां त्या सौंदर्यासाठीं स्त्रियांना सुमारें किलोभर वजनाचें एकेक अशीं डझनभर पितळी नळकांडीं केसांत अडकवून तासन् तास बसावें लागे. त्याच्या मिश्रणांत गोमूत्र होतें असें सांगतात. आरंभींच्या प्रयोगांत त्यानें आपल्या पत्नीचेच केस जाळले. पतीच्या कीर्तीसाठीं केस जाळून घेणाऱ्या त्या साध्वीचें नांव त्या यंत्राला मात्र मिळालें नाहीं.

आमच्या घरीं प्रश्न याच्या नेमका उलट होता. आमच्या मातोश्रींचे केस असे कुरळे होते कीं, सणावारीं न्हाऊन त्या परसांत उभ्या राहिल्या म्हणजे आळींतील बायका त्यांची फणी कोठें अडकते तें पाहावयास येत. केस शिकेकाईनें धुवावे, ओले असतांनाच बोटांनीं सोडवावे, खोबरेल चोळावें आणि घट्ट वेणी घालून मोकळें व्हावें, हा त्यांचा नियम. ते केस आमच्याकडे आले. पन्नाशी उलटल्यावर आतां आमच्या माथ्यावर त्या वारशाचा पुरावा म्हणून दाखवावें असें फारसें कांहीं उरलेलें नाहीं. परंतु वारसा बुडाला नाहीं. तो आमच्या एकुलत्या एका कन्येच्या मस्तकावर व्याजासह उतरला.

गेल्या वर्षीं एका रविवारीं सकाळीं चहाच्या वेळीं ही कन्या म्हणाली, “बाबा, पुढच्या महिन्यात मी केस सरळ करून घेणार आहे. कायमचे.”

प्राध्यापकाच्या जिभेला एक वाईट खोड असते. समोर कोणीहि बसलें तरी तिला वर्ग भरल्याचा भास होतो. आम्हीं तत्काळ उत्तर दिलें, “कुत्र्याचें शेपूट नळींत घातलें तरी वांकडें तें वांकडेंच!” वर्गांत या वाक्याला हमखास हंशा मिळाला असता. येथें मिळाला नाहीं. कन्येनें आपला पेला उचलला आणि ती आंत निघून गेली.

सौभाग्यवती कांहीं वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, “अहो, शाळेत फोटो काढायच्या दिवशी दरसाल तुम्हीच तिला सांगत होता ना, केस जरा पाण्यानं दाबून बस म्हणून? पोरीनं दहा वर्षं दाबले. आता कायमचेच दाबते म्हणाली, तर तुम्हांला विनोद सुचतो.”

आम्हीं त्या दिवशीं दुपारीं कपाटांतून जुने फोटो काढले. पहिलीपासून दहावीपर्यंतचे दहा. प्रत्येकांत तें पोर केस ओले करून, चापून, श्वास कोंडल्यासारखें बसलेलें. तिसरीच्या फोटोंत तर तिनें दोन्ही हात डोक्यावर धरलेले आहेत. छायाचित्रकारानें कळ दाबली त्या क्षणीं देखील तिला हात खालीं घेण्याचा धीर झालेला नाहीं. शाळेंत मुलें तिला ‘नूडल्स’ म्हणत, हें आम्हांस ठाऊक होतें. आम्ही त्यावर हंसलोंहि होतों. तिच्या कचेरींतील वरिष्ठांनीं, बाहेरची मंडळी बैठकीला यावयाची म्हणून, “उद्यां केस नीट करून या” असें तिला सांगितलें, हें मात्र आम्हांस त्याच दिवशीं कळलें. त्या दिवशींहि ती केस विंचरूनच गेली होती.

आमची खरी लाज पुढेंच आहे. आम्ही रसायनशास्त्र शिकवितों. केसाला वळण कशानें येतें आणि तें कशानें जातें, हें आम्ही अठ्ठावीस वर्षें फळ्यावर काढून दाखवीत आलों. परंतु तें ज्या मस्तकावर साक्षात् नांदत होतें त्याकडे पाहण्याची बुद्धि आम्हांस झाली नाहीं. केस म्हणजे केराटिन नांवाच्या प्रथिनाचे दोर. या दोरांना एकमेकांशीं बांधणाऱ्या गांठींत दोन जाती मुख्य. एक हायड्रोजनच्या बंधांची; ही गांठ कच्ची, पाणी लागलें कीं सुटते आणि केस वाळतांना पुन्हां बसते. म्हणूनच ओले केस दाबून बसलेली मुलगी फोटो निघेपर्यंत सरळ केसांची असते आणि मधल्या सुटींत पूर्ववत् होते. तापल्या इस्तरीनें सरळ केलेले केसहि पावसाळी हवा लागतांच मूळपदावर येतात. दुसरी गांठ गंधकाची. दोन गंधक-अणु एकमेकांचा हात धरून बसलेले असतात, आणि पाण्याला ते दाद देत नाहींत. परंतु वळणाचें मूळ याहूनहि खोल, त्वचेंतल्या केशकूपांत असतें. कूप सरळ असला तर केस सरळ व छेदांत वाटोळा निघतो. कूप वांकडा असला तर केस चपटा व वळलेला निघतो. बाहेर आलेला केस रसायनानें सरळ करतां येतो. कूपाला तें रसायन शिवत नाहीं. म्हणजे शेपटाची म्हण शास्त्रतः खरी होती. पण खरें बोलणें आणि वेळेवर बोलणें यांतलें अंतर आम्हांस या वयांत कळावें, हें वाईट.

गंधकाची गांठ सोडविण्याचे दोन मार्ग आहेत. एकांत थायोग्लायकोलिक आम्लाचा क्षार लावून ती सोडवितात, केस सरळ ताणतात, आणि मग हायड्रोजन पेरॉक्साइडनें नव्या जागीं पुन्हां बांधतात. आपल्याकडे ‘रीबाँडिंग’ म्हणतात तें हेंच. दुसऱ्यांत दाहक सोडा, म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड, वापरतात. त्यानें गांठींतला एक गंधक-अणु कायमचा निघून जातो. ती गांठ पुन्हां जुन्या रीतीनें बांधतां येत नाहीं. या दोहोंपैकीं एक प्रयोग झालेल्या केसांवर दुसरा केला तर केस तुटून हातांत येतात.

या दाहक सोड्याचा इतिहास अमेरिकेंत शिकण्यासारखा आहे. गॅरेट मॉर्गन या कृष्णवर्णीय संशोधकाला, शिवणयंत्राच्या सुईसाठीं वंगण शोधीत असतां, एका मिश्रणानें लोंकरी कापडाचे तंतु सरळ झालेले दिसले. त्यानें तें शेजाऱ्याच्या कुरळ्या कुत्र्यावर, मग स्वतःवर लावून पाहिलें, आणि केस सरळ करण्याच्या मलमाचा धंदा उभारला, अशी कथा आहे. म्हणजे आमच्या म्हणींतलें कुत्रें तेथें आधींच हजर होतें! याच गृहस्थानें पुढें १९२३ सालीं रस्त्यावरील वाहतुकीच्या खुणेच्या यंत्राचें पेटंट घेतलें. परंतु तेथें केस सरळ करणें हा केवळ हौसेचा विषय नव्हता. गोऱ्यांच्या जगांत नोकरी व मान मिळण्यासाठीं भरावा लागणारा तो एक कर होता. माल्कम एक्स यांनीं १९६५ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मकथनांत, तरुणपणीं दाहक सोडा, अंडीं व बटाटे यांचें मिश्रण डोक्यावर सोसून केस कसे सरळ केले तें वर्णन करून, ती स्वतःचीच मानहानि होती असें म्हटलें आहे. नैसर्गिक केसांवरून शाळेंत व नोकरींत भेद करूं नये असा कायदा कॅलिफोर्नियानें केला तो २०१९ सालीं. आमच्या घरीं असा कोणाचा जुलूम नव्हता. होतें तें एवढेंच: बापाचें दरसालचें एक वाक्य, मुलांचें एक टोपणनांव, आणि वरिष्ठांची एक सूचना. पण थेंब लहान असले म्हणून भांडें भरत नाहीं असें थोडेंच आहे!

संध्याकाळीं आम्ही कन्येकडे गेलों आणि हा सर्व विषय पुन्हां, या वेळीं विनोद वगळून, मांडला. न करण्याचा उपदेशहि केला. ती शांतपणें म्हणाली, “बाबा, धोका काय आहे तो तुम्ही सांगा. करायचं की नाही ते मी ठरवीन.” अठ्ठावीस वर्षांत कोणा विद्यार्थ्यानें आमचें काम इतक्या नेमक्या शब्दांत आम्हांस सांगितलें नव्हतें.

मग धोका शोधण्यासाठीं आम्ही तिच्याबरोबर दुकानें हिंडलों. पहिल्या दुकानांतील मनुष्य म्हणाला, “सर, यात केमिकल अजिबात नाही, नुसतं प्रोटीन आहे.” केमिकल नसलेली वस्तु पाहण्याची आम्हांस जन्मभर इच्छा असल्यामुळें आम्हीं बाटली मागून घेतली. लेबलावर ग्लायॉक्झिलिक आम्ल होतें. फ्रान्समधील डॉक्टरांनीं २०२४ सालीं एका तरुणीची हकीकत प्रसिद्ध केली आहे. २०२०, २०२१ व २०२२ या तीन वर्षीं केस सरळ करून घेतल्यावर तीन्ही वेळां तिच्या मूत्रपिंडांना इजा झाली, आणि तिला लावलेल्या मिश्रणांत हेंच आम्ल होतें. तें त्वचेंतून शरीरांत शिरतें व मूत्रपिंडांत ऑक्झलेटचे स्फटिक धरतात, असें त्यांचें निदान आहे. ‘केराटिन’ म्हणून लावल्या जाणाऱ्या दुसऱ्या कांहीं मिश्रणांत फॉर्माल्डिहाइड असतो. लेबलावर तो मिथिलीन ग्लायकॉल या सोज्ज्वळ नांवानें वावरतो आणि इस्तरीच्या उष्णतेनें वायुरूपानें बाहेर पडतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें २००४ सालींच तो मनुष्यास कर्करोगकारक ठरविला. खुर्चींत बसणारी तो वर्षांतून एकदां हुंगते. मागें उभी राहून काम करणारी मुलगी रोज हुंगते, आणि तिला तो हुंगूं नकोस म्हणून सांगणारा बाप तेथें नसतो.

आणखीहि एक आंकडा आम्हीं कन्येपुढें ठेवला. अमेरिकेंत ३३,४९७ स्त्रियांची सुमारें अकरा वर्षें पाहणी करून २०२२ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाले. केस सरळ करणारीं रसायनें कधींच न वापरणाऱ्या स्त्रियांत सत्तरीपर्यंत गर्भाशयाचा कर्करोग होण्याचें प्रमाण शेंकडा १.६४, तर तीं वारंवार वापरणाऱ्यांत शेंकडा ४.०५ असें अनुमान त्यांत आहे. यावरून कारण सिद्ध होत नाहीं, संबंध मात्र दिसतो. हेंहि आम्हीं तिला सांगितलें. कारण भीति घालून जिंकणें हें शिक्षकाला शोभत नाहीं.

तिनें सर्व ऐकून घेतलें आणि ठरविलें: एकदांच, थायोग्लायकोलिक आम्लाच्या रीतीनें, आणि तेंहि आधीं एक बट तपासून. दुसऱ्या दुकानांतील बाईंनीं आम्ही सांगण्यापूर्वींच कानामागची एक बट घेऊन तिच्यावर प्रयोग केला, आणि केसांना पूर्वीं कोणता रंग वा रसायन लावलें होतें तें विचारलें. वैद्य नाडी पाहतो त्या गंभीरपणानें त्या केस ओढून पाहत होत्या. पांच तास लागले. बाहेर आली तेव्हां कन्येचे केस पाण्याच्या धारेसारखे पाठीवर पडले होते. आणि सांगितलेंच पाहिजे, ती आनंदांत होती. रस्त्यावरच्या प्रत्येक कांचेंत ती स्वतःला पाहत होती. तो आनंद खोटा होता असें म्हणण्याचा अधिकार आम्हांस नाहीं.

ते केस नीट राखण्यास फार थोड्या गोष्टी लागतात, आणि त्यांतील बहुतेक आमच्या मातोश्रींना ठाऊक होत्या. त्वचेबाहेर आलेला केस निर्जीव असतो. कोणतेंहि औषध त्याला जिवंत करीत नाहीं, त्याची झीज तेवढी मंद करतां येते. म्हणून एकदां रसायन लागलेल्या भागाला तें पुन्हां लावूं नये. करावयाचेंच असेल तर नव्यानें वाढलेल्या भागालाच. अशा केसांचा रंग उडवूं नये. तापलेली इस्तरी शक्य तितकी दूर ठेवावी. ओला केस दुबळा असतो, तेव्हां विरळ दांत्यांची फणी टोंकापासून हळूहळू वर न्यावी. दुभंगलेलीं टोंकें कापून टाकावीं. आणि न्हाण्यापूर्वीं खोबरेल लावावें. खोबरेल तेल केसाच्या आंत शिरतें व धुतांना होणारी प्रथिनांची झीज कमी करतें, सूर्यफुलाच्या तेलानें व खनिज तेलानें तसें होत नाहीं, असें मुंबईच्या दोन संशोधकांनीं २००३ सालीं प्रयोगांनीं दाखविलें. मातोश्रींनीं तें कोणत्याहि प्रयोगशाळेवांचून दाखविलें होतें. आम्हीं मात्र तें नियतकालिकांत वाचल्यावर मानलें.

केस महिन्याला सुमारें एक सेंटिमीटर वाढतो. आठ महिन्यांत कन्येच्या मस्तकावर चार बोटें नवे केस आले, वरून कुरळे आणि खालीं सरळ. जेथें दोन्ही मिळतात तेथेंच केस अधिक तुटतो, म्हणून ती जपत होती. पुन्हां दुकानांत जावयाचें कीं हे असेच वाढूं द्यावयाचे, हें तिनें ठरविलें नव्हतें, आणि आम्हीं विचारलें नाहीं.

मागल्या महिन्यांत आमच्या सासूबाईंचें सहस्रचंद्रदर्शन झालें. सर्व कुटुंबाचा फोटो निघावयाचा होता. ओळी लागल्या, मुलें पुढें बसलीं, आणि कन्या आमच्या शेजारीं येऊन उभी राहिली. पावसाळी हवेनें तिचे नवे केस माथ्यावर मोकाट उठले होते. अगदीं परसांतल्यासारखे. ती आमच्याकडे पाहून हळूच म्हणाली, “बाबा, केस दाबू का?”

“नको,” आम्ही म्हणालों.

फोटो आतां दिवाणखान्यांत लागला आहे. त्यांत झाडून सारीं माणसें समोर पाहत आहेत. फक्त आम्हीच तेवढे बाजूला पाहत आहों. फोटो बिघडविला म्हणून सौभाग्यवतींनीं आम्हांस बोल लावला. तो आम्हीं मुकाट्यानें ऐकून घेतला.