सालईचे सोयरे

ओमानातील सलाला बंदराहून रजेवर आलेल्या शेजाऱ्यांनी परवा लोबानाची एक पुडी हाती ठेवली, आणि तिन्हीसांजेला धुपाटण्यातील निखाऱ्यावर त्यातला एक खडा टाकताच जो गंध घरभर पसरला तो अरबस्तानचा न वाटता थेट कन्नडच्या डोंगरातला वाटला.

आजोळी असताना एका शिमग्याला आजोबांबरोबर मी गौताळ्याच्या रानात गेलो होतो. सारे रान निष्पर्ण. सालईची राखी-हिरवट साल भूर्जपत्रासारखी पापुद्र्यापापुद्र्यांनी सुटलेली, आणि उघड्या फांद्यांच्या टोकांना मात्र बारीक पांढरट फुलांचे घोस. बुंध्याच्या जुन्या जखमेवर थिजलेला पिवळसर डीक आजोबांनी नखाने खरवडला, माझ्या तळहातावर ठेवला आणि म्हणाले, "हुंगून बघ. हत्तीला फार आवडतं हे झाड." त्या मुलखात हत्ती कुठला? पण संस्कृतात या शल्लकीला 'गजभक्ष्या' असेच नाव आहे हे पुढे वाचले, आणि अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात षड्दंत हत्तीच्या कथेसमोर उभा असताना मला आजोबांचे ते खरबरीत नख आठवत राहिले.

सलालामागे धोफारचे डोंगर आहेत. आपल्याला भिजवणारे नैर्ऋत्य वारे तेथे धुके होऊन समुद्राकडच्या उतारांना बिलगतात, आणि त्या ओलीवर आपल्या धावड्याचा एक सोयरा वाढतो. सालईच्याच बॉस्वेलिया कुळातले लोबानाचे झाड मात्र धुक्याची हद्द ओलांडून पलीकडच्या कोरड्या घळींत पाय रोवते, आणि उत्तम लोबान तिकडचाच मानतात. तेथे डोंगराच्या कण्याने वेगळी केलेली ही दोन घराणी आपल्याकडे एकाच उतारावर खांद्याला खांदा लावून नांदतात. व्ही. एन. नाईक यांनी 1998 साली मराठवाड्याच्या वनस्पतींची जी दोन खंडी नोंद सिद्ध केली, ती आपल्या भूमीला रुक्ष म्हणणाऱ्या प्रत्येकाने एकदा तरी चाळावी असे मला मनापासून वाटते.

हबसाणातही लोबानाचे एक झाड आहे. तेथून गुलाम म्हणून विकला गेलेला, बंदरामागून बंदर पाहत दख्खनेत पोचलेला मलिक अंबर 1610 मध्ये खडकी वसवताना या डोंगरांतून हिंडला असेल, तेव्हा कुणा धनगराच्या शेकोटीत सालईचे लाकूड जळत असेल काय? त्याची कबर खुलताबादेस आहे. यंदा फाल्गुनात गौताळ्याला जाताना त्याच वाटेने जाईन. सालई तेव्हा फुललेली असते.