पत्रा, पुटी आणि पॉलिसी

मेकॅनिकलला ॲडमिशन मिळाली की घरच्यांच्या दृष्टीनं आपण मिक्सरपासून मोटारीपर्यंत सगळ्यांचे डॉक्टर होतो. सेकंड इयरला असताना मला इंजिनाचे चार स्ट्रोक क्रमानं सांगता यायचे आणि व्हायव्हात तेवढ्यावर भागतंही. पण डिसेंबर २०२४ ची अख्खी सुट्टी माझी क्लेम फॉर्म आणि पॉलिश पेपर या दोन कागदांत गेली. सिलॅबसबाहेरचा हा पेपर इथे सविस्तर लिहितोय, कारण हॉस्टेलवरच्या निम्म्या पोरांच्या घरी अशीच एखादी जुनी गाडी दारात उभी असणार. (स्टाफ पार्किंगमध्येही दोन-चार आहेत, पण ते असो!)

आमची गाडी २०११ ची वॅगनआर, रंग चंदेरी. तिचं मुख्य काम म्हणजे आजीला मंगळवारी आणि शुक्रवारी डायलिसिससाठी तासगावहून सांगलीला नेणं-आणणं. त्या शुक्रवारी परत येताना कवलापूरच्या अलीकडे शेताच्या रस्त्यानं एक टेम्पो थेट डांबरीवर आला आणि गाडीच्या डाव्या कोपऱ्यावर आदळला. सुदैवानं बाबांना आणि आजीला खरचटलंसुद्धा नाही. पण हेडलाइट, बंपर, फेंडर, बोनेट आणि पुढचं डावं दार, सगळं आत गेलं. रेडिएटरमधून पाणी गळायला लागलं.

टेम्पोवाला हात जोडून उभा. चूक त्याचीच होती, पण त्याच्या विम्यातून नुकसानभरपाई मागायची तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जावं लागतं. तारखा कोण करणार? आमची पॉलिसी सर्वसमावेशक होती, म्हणजे थर्ड पार्टीबरोबर स्वतःच्या गाडीचं नुकसानही त्यात होतं. बाबांनी जागेवरच फोटो काढले, कंपनीला फोन केला, क्लेम नंबर घेतला आणि गाडी टो करून अधिकृत वर्कशॉपला पाठवली. गाडीला हात लावायच्या आधी कंपनीला कळवणं महत्त्वाचं. आधी दुरुस्ती करून मागून बिल दाखवलं तर सर्वेअर बघणार काय?

तिसऱ्या दिवशी वर्कशॉपचं एस्टिमेट आलं, १,०४,००० रुपये. सगळे पार्ट नवे. आणि आमच्या पॉलिसीवर गाडीची किंमत होती ८०,०००!

ही जी किंमत, तिला आयडीव्ही म्हणतात. गाडी पाच वर्षांची होईपर्यंत ती ठरलेल्या तक्त्याप्रमाणे खाली येते, पुढे मालक आणि कंपनी यांच्या संमतीनं ठरते. पॉलिसीच्या अटींप्रमाणे धरलेला दुरुस्तीचा खर्च या किमतीच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला की गाडी टोटल लॉस. आमची मर्यादा ६०,००० ची, आणि घसारा कापूनही ते एस्टिमेट तिच्या पुढे जात होतं. सर्वेअर सज्जन माणूस होते. बाबांना म्हणाले, "सर, या आकड्यावर मला गाडी टोटल लॉसलाच घालावी लागेल. तुम्हाला पैसे मिळतील, गाडी जाईल."

ऐकायला बरं वाटतं, पैसे मिळतील! पण बाबांनी दोन दिवस सांगली-मिरजेत चौकशी केली. त्या पैशात ज्या गाड्या दाखवत होते त्यांत आजीला बसवायची हिंमत झाली नसती. आमच्या गाडीचं इंजिन उत्तम होतं, टायर वर्षापूर्वीचे, सर्व्हिस वेळच्या वेळी. कागदावर ती तेरा वर्षांची होती एवढंच. दरम्यान मंगळवार उजाडला. शेजारच्या काकांनी त्यांची जीप दिली, पण शुक्रवारी तिला भाडं होतं. आजी जाताना एसटीनं गेली, येताना अर्धा रस्ता उभ्यानं आली. चार तास मशीनला लागून आलेलं माणूस! त्या रात्री ती जेवली नाही.

त्यामुळे शनिवारी आम्ही गाडी उचलून गावातल्या गॅरेजला आणली. कॅशलेसची सोय गेली. आधी आपण बिल भरायचं, मग कंपनी देणार. सर्वेअरना रीतसर कळवलं, नवं एस्टिमेट दिलं. गॅरेजवाल्या दादांनी हिशेबच वेगळा मांडला. बोनेट आणि दार बदलायचं नाही, ठोकून सरळ करायचं. नवा फक्त फेंडर, बंपर, हेडलाइट, रेडिएटर, त्याची पुढची पट्टी आणि दाराची काच. एकूण ४५,२००.

जाता जाता दादांनी हळूच विचारलं, "मागच्या बंपरचा जुना पोचा पण यातच बसवू का?" बाबा नको म्हणाले. नंतर सर्वेअर आले तेव्हा मी मुद्दाम त्यांच्या मागे मागे फिरलो. ताज्या माराचा पत्रा चकचकीत उघडा पडलेला असतो आणि जुन्या पोच्यात गंज आणि धूळ बसलेली असते, हे त्यांनी न विचारताच मला दाखवलं. मागच्या बंपरकडे बघून नुसते हसले.

आता आकडे, कारण सगळे शेवटी तेच विचारतात. प्लास्टिक आणि रबराच्या पार्टवर गाडी कितीही नवी असली तरी ५० टक्के कापतात. धातूच्या पार्टवर वयाप्रमाणे, आणि दहा वर्षांपुढे तिथेही ५०. काचेवर काहीच कापत नाहीत. आमचे प्लास्टिकचे आणि धातूचे पार्ट १५,००० चे, त्यातले ७,५०० गेले. काचेचे १,२०० पूर्ण मिळाले. डेंटिंगची मजुरी १४,०००, तीही पूर्ण. रंगाच्या बिलात चौथा हिस्सा साहित्याचा धरतात आणि त्याच्या निम्मे कापतात. मंजूर रंगकाम १२,००० चं, म्हणून १,५०० गेले. सक्तीची वजावट १,००० (इंजिन १५०० सीसीपर्यंत असेल तर एवढीच). आणि ३,००० रंगातले नामंजूर, त्याची गोष्ट पुढे येते. हातात आले ३२,२००.

यावर रूममेटचा प्रश्न होता, "पण मग नो क्लेम बोनस गेला ना?" गेला. पाच वर्षं क्लेम नसल्यामुळे आम्हाला ५० टक्के सवलत होती, ती शून्यावर आली. पण ही सवलत फक्त स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यावर असते. थर्ड पार्टीचे २,०९४ आहेत तसेच राहतात. आमचा तो हप्ता सवलतीआधी २,८०० च्या आसपास. बोनस पुन्हा २०, २५, ३५, ४५ असा चढत ५० वर येईपर्यंत, हप्ता तोच धरला तर, सगळं मिळून ३,५०० रुपयांचा तोटा. ३२ हजारांपुढे तो काहीच नाही. उलट नुसता बंपर घासला असता तर मी बाबांना क्लेम करूच नका म्हटलं असतं.

खरी मजा रंगकामात आली. पेंटरमामा साठीचे, शिक्षण सातवी. आधी डेंटरनं पत्र्यावर छोटे खिळे वेल्ड करून दार ओढून काढलं. जिथे घडी पडली होती तिथला पत्रा काही केल्या दबेना. वर्क हार्डनिंग, जे आम्ही मटेरियल सायन्सच्या पेपरात पाच मार्कांसाठी लिहितो, ते तिथे हातोडीखाली खणखणत होतं. मग पुटी, पॉलिश पेपर, प्रायमर, पुन्हा पेपर. पुटी जाड थापली असेल तर तिथे चुंबक चिकटत नाही. घरी करून बघा, शेजाऱ्यांच्या गाडीवर नको!

मी मोठ्या हुशारीनं प्लेटवरचा कलर कोड वाचून दाखवला. मामा म्हणाले, "बाळा, हा कोड २०११ चा हाय. गाडी कुठं २०११ ची ऱ्हायली?"

तेरा वर्षांच्या उन्हानं मूळ चंदेरी फिका आणि किंचित पिवळसर झाला होता. वर चंदेरी म्हणजे सगळ्यात खट्याळ रंग. त्यात ॲल्युमिनियमच्या बारीक चकत्या असतात. गन जवळ धरली, हवा कमी-जास्त झाली की त्या वेगळ्या बसतात आणि तोच रंग समोरून उजळ, बाजूनं काळपट दिसतो. मामांनी वजनकाट्यावर रंग मिसळला, पत्र्याच्या तुकड्यांवर मारला आणि उन्हात, सावलीत, तिरपे धरून पाहिला. सात तुकडे झाले. आठव्याला मान हलवली.

तरीही नव्या दाराशेजारी जुनं दार वेगळं दिसणारच होतं. त्यावर त्यांचा उपाय असा की रंग मागच्या दारावर विरत विरत न्यायचा आणि त्या अख्ख्या दारावर क्लिअर कोट मारायचा. हेच ते नामंजूर ३,०००. सर्वेअर म्हणाले, मागच्या दाराला मार नाही, त्याचे पैसे नाहीत. नियमानं त्यांचं बरोबर. पॉलिसीला गाडी म्हणजे वेगवेगळ्या पार्टची यादी आणि प्रत्येकाचं वय. माणूस लांबून बघतो तेव्हा त्याला एक गाडी दिसते. बाबा तीन हजारांवर घुटमळत होते. आजी ओसरीवरून म्हणाली, "रंगाचं ऱ्हाऊ दे रे, दार लागतंय का ते बघा." पण मग बाबांनीच खिशातून दिले.

एक गोष्ट मात्र मनात राहिली. त्या क्लिअर कोटच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. फवारा श्वासात जात राहिला तर दम्याचा धोका, हे आम्ही केमिस्ट्रीत शिकलोय. मामा तोंडाला रुमाल बांधून मारत होते. मी सांगितलं तर म्हणाले, "चाळीस वर्सं झाली की." आणि खोकले. पुढच्या खेपेला मी सांगलीहून फिल्टरचा मास्क नेऊन दिला. या कामाला बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मास्क हवा, हे मला माहीत आहे, पण तो त्या गॅरेजात कुठून येणार? दिलेला वापरतात की खिळ्याला टांगलाय, कोण जाणे.

गाडी एकोणीस दिवसांनी घरी आली. सर्वेअरनी पुन्हा येऊन पाहणी केली आणि बिल, पावती, रद्द केलेला चेक जमा केल्यावर तीन आठवड्यांनी पैसे खात्यात आले. दुपारच्या उन्हात दोन्ही दारं सारखी दिसतात. संध्याकाळी तिरप्या उजेडात मला फरक कळतो, बाबांना नाही. उरलेला रंग मामांनी एका बाटलीत भरून दिलाय, वर मार्करनं 'डावी बाजू' लिहून.