उन्हातली वाट

हवापाण्याविषयी बोलणे ही बोलण्यासारखे दुसरे काही नसल्याची खूण आहे, अशी आमची फार वर्षांची समजूत होती. दोन इंग्रज भेटले की प्रथम हवेविषयी बोलतात, हे आम्हांला शाळेतल्या इंग्रजीच्या गुरुजींनी सांगितले होते. त्याचे आम्हां मुलांना भारी हसू येई. आमच्या रायगडच्या किनाऱ्यावर हवेविषयी बोलायचे ते काय? आठ महिने ऊन आणि चार महिने पाऊस. होळीनंतर तापायचे, मृगाला भिजायचे, गणपतीनंतर भात पोटरीला यायचे. जे ठरलेले आहे त्यावर चर्चा कशाला करायची?

आमचा एक भाचा नोकरीनिमित्त इंग्लंडात स्थायिक झाला आहे. जुलै २०२२ मध्ये त्याचा फोन आला तेव्हा त्याचा आवाज रडवेला होता. "मामा, इथे चाळीस अंश झालेत. घरात बसवत नाही हो!" आमच्याकडे तेव्हा पावसाची झड लागलेली होती. आम्ही ओटीवर बसून मनमुराद हसलो आणि म्हणालो, "अरे, तू कोकणातला ना? चाळीस अंशांना एवढा घाबरतोस?"

त्या हसण्याची आज आम्हांला लाज वाटते. त्या वर्षी १९ जुलै रोजी इंग्लंडच्या लिंकनशायर परगण्यातील कॉनिंग्सबी येथे ४०.३ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. ब्रिटनच्या नोंदींत पाऱ्याने चाळिशी ओलांडण्याची ती पहिलीच वेळ होती. तेथील हवामान खात्याने अतिउष्णतेचा लाल इशाराही प्रथमच दिला होता. लंडनहून उत्तरेकडे जाणारा पूर्वेचा मुख्य लोहमार्ग त्या दिवशी बंद ठेवावा लागला. लंडनच्या पूर्व कडेला वेनिंग्टन नावाच्या गावात वणवा घरांपर्यंत पोहोचला. त्या उन्हाळ्यातील उष्णतेच्या दिवसांत एकट्या इंग्लंडमध्ये पासष्टी ओलांडलेल्यांचे नेहमीपेक्षा सुमारे २,८०० अधिक मृत्यू झाले, असा हिशेब पुढे तेथील आरोग्य यंत्रणेने मांडला.

भाच्याने नंतर आम्हांला समजावून सांगितले, की तेथील घरे ऊब धरून ठेवण्यासाठी बांधलेली असतात. भिंती जाड, खिडक्या लहान आणि पंखा बहुतेक घरांत नाहीच. जे घर हिवाळ्यात आईसारखे पांघरूण घालते, तेच अशा दिवशी भट्टी होते. आम्ही ऐकून घेतले, परंतु मनाशी म्हणालो, हा त्यांचा प्रश्न आहे. आपली घरे उन्हासाठीच बांधलेली आहेत.

खरे म्हणजे तेही तेव्हा पूर्णपणे खरे राहिले नव्हते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आदळले. ताशी ११० ते १२० किलोमीटर वेगाच्या त्या वाऱ्याने नागाव, चौल, रेवदंड्यापासून श्रीवर्धनपर्यंतच्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या केल्या. आमच्या जुन्या घराची जवळजवळ सर्व कौले त्या दुपारी उडाली. समोर पावसाळा उभा, वर कोरोनाची टाळेबंदी. कौले मिळेनात आणि कौले शाकारणारा माणूसही मिळेना. महिनाभर ताडपत्रीखाली काढल्यानंतर आम्ही पत्रे घातले. "तात्पुरते," असे म्हणालो होतो. आमच्या गावात तात्पुरती केलेली गोष्ट बहुधा नातवंडांपर्यंत टिकते.

पत्र्याखालचा पहिला उन्हाळा आला तेव्हा आमच्या थोरल्या काकू म्हणाल्या, "पूर्वी ऊन दारात थांबायचं रे, आता ते घरात वस्तीला आलंय." कौलांच्या फटींतून घर श्वास घेई आणि तिन्हीसांजेला समुद्राचा वारा सुटला की तासाभरात थंड होई. पत्रे मात्र दिवसभर ऊन पितात आणि रात्री ते माणसांवर ओततात. काकूंची खाट नेमकी माडीवर, पत्र्याच्या खाली होती. आम्ही पंखा दिला आणि आपले कर्तव्य झाले असे मानले.

आता जे सांगावयाचे आहे ते सांगणे अवघड आहे.

आमच्या धर्मग्रामात शुभ शुक्रवारी टेकडीवर क्रुसाची वाट करण्याची जुनी चाल आहे. दुपारी एक वाजता पायथ्याशी निघावयाचे, चौदा स्थाने करून माथ्यावर पोहोचावयाचे आणि तीनच्या उपासनेपूर्वी खाली यावयाचे. २०२३ साली तिची व्यवस्था आमच्याकडे होती. प्रायश्चित्तकाळाच्या आरंभी जी बैठक झाली तीत परिचारिकेचे शिक्षण घेणारी एक मुलगी उभी राहून म्हणाली, "अंकल, या वर्षी ही प्रार्थना सकाळी ठेवू या. म्हाताऱ्या माणसांना दुपारचं ऊन सोसणार नाही." आम्ही तिला उत्तर दिले, "बाळ, आपल्या प्रभूने सावली पाहून क्रूस उचलला नव्हता." सभा हसली. काहींनी मानाही डोलावल्या. मुलगी खाली बसली.

शुभ शुक्रवार त्या वर्षी ७ एप्रिलला होता. त्या दुपारी वारा पडलेला होता. माडाची झावळीही हलत नव्हती आणि अंगावरचा घाम वाळत नव्हता. काकूंचे वय तेव्हा चौऱ्याहत्तर. सकाळपासून त्यांनी अन्न तर नाहीच, पाणीही घेतले नव्हते. आठव्या आणि नवव्या स्थानांच्या मधल्या चढावर त्या थांबल्या आणि आमच्याकडे पाहून त्यांनी आमच्या वडिलांचे नाव घेतले. वडील जाऊन वीस वर्षे झाली होती. त्यांची जीभ जड झाली होती, अंग तव्यासारखे तापले होते. पुढच्याच क्षणी त्या खाली बसल्या आणि कलंडल्या.

लोक गोळा झाले. कोणी तोंडात पाणी घालू लागला. त्या मुलीने त्याचा हात धरला आणि शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नका, ते अंगावर ओता, असे बजावले. तिने काकूंना करवंदीच्या जाळीमागच्या सावलीत हलवले, पदर सैल केला, सर्वांच्या बाटल्यांतले पाणी मान, काखा आणि जांघांवर ओतले आणि चार जणांना स्तोत्रांच्या पुस्तिकांनी वारा घालावयास सांगितले. आम्ही बाजूला उभे होतो. आमच्या हातात स्थानांवरच्या वाचकांची यादी होती. त्या यादीचे काय करावे हे आम्हांस सुचत नव्हते.

काकू वाचल्या. तीन दिवस इस्पितळात काढून घरी आल्या. पण नंतर त्यांची चाल मंदावली ती मंदावलीच. त्या घरी आल्या त्याच आठवड्याच्या अखेरीस, १६ एप्रिलला, खारघरची बातमी आली. आपल्याच जिल्ह्यात, राज्य शासनाच्या पुरस्कार सोहळ्यासाठी लाखो माणसे मैदानात बसली होती. उष्माघाताने १४ जणांचा बळी गेला, असे शासनाने पुढे सांगितले. तापमान होते सुमारे ३८ अंश. भाच्याला हसताना आम्हांला जो आकडा थोडा वाटला होता त्याहूनही दोन अंश कमी. दूरदर्शनवरील बातम्या पाहताना काकू काही बोलल्या नाहीत. फक्त त्यांनी जपमाळ हाती घेतली. आमच्याच्याने मात्र तेथे बसवेना.

त्यानंतर आम्ही या विषयाची थोडी माहिती मिळवली. किनाऱ्यावर पारा ३७ अंशांवर जाऊन नेहमीपेक्षा साडेचार अंश वर चढला की हवामान खाते त्यास उष्णतेची लाट समजते. सपाट मुलखाला हीच मर्यादा ४० अंशांची आहे. किनाऱ्यासाठी मर्यादा खाली का, तर आपली हवा दमट आहे म्हणून. शरीर थंड होते ते घाम येण्याने नव्हे, घाम वाळण्याने. हवेतच पाण्याचा अंश भरलेला असला की घाम नुसता ओघळतो आणि आतली आग तशीच राहते. पूर्वेकडून जमिनीवरचा वारा जोर करतो आणि समुद्रावरचा वारा उशिरा सुटतो, त्या दिवशी आपला किनारा अधिक तापतो. म्हातारपणी तहानही कमी लागते. म्हणून ती लागण्याची वाट न पाहता पाणी द्यावे लागते. बोलण्यात असंबद्धता आली की ते ऊन मेंदूपर्यंत पोहोचल्याचे लक्षण समजावे. काकूंनी आमच्या वडिलांचे नाव घेतले तेव्हा आम्हांला ती भक्तीची तंद्री वाटली होती.

आणखी एक गोष्ट फादरांनी सांगितली. साठावे वर्ष लागल्यानंतर उपवासाचे बंधन धर्मसभेच्या नियमाने उरत नाही आणि पाण्याने तर उपवास मोडतच नाही. म्हणजे काकूंवर जे ओझे धर्मसभेने ठेवले नव्हते ते आमच्या गावाने ठेवले होते, आणि ते भूषण म्हणून मिरवले होते.

पुढच्या वर्षीची बैठक वादळी झाली. एक ज्येष्ठ गृहस्थ म्हणाले, "आज वेळ बदलाल, उद्या टेकडी बदलाल." दुसरे म्हणाले, "आपले आजे-पणजे याच उन्हात चढले." हे म्हणणे आम्हांला परके वाटले नाही, वर्षापूर्वी ते आमच्याच मुखातून आले होते. परंतु ते ऊन हे नव्हे, एवढे आम्ही उभे राहून सांगितले. त्यांच्या टेकडीवर झाडे होती, घरांवर कौले होती आणि उन्हाळ्याला आपली तिथी ठाऊक होती. मग आम्ही मागच्या बैठकीतल्या आमच्या उत्तराबद्दल त्या मुलीची सर्वांसमक्ष क्षमा मागितली. फार वेळ कोणी बोलले नाही. शेवटी वेळ पहाटे साडेपाचची ठरली. तीही एकमताने नव्हे.

हवेला तिथी उरली नाही, हे अतिशयोक्तीने म्हणत नाही. २०२३ साली पावसाने आम्हांला जूनभर ताटकळत ठेवले. मुंबईत आणि दिल्लीत मान्सून एकाच दिवशी, २५ जूनला, पोहोचला. असा योग १९६१ नंतर प्रथमच आला. २०२५ साली उलट झाले. फेब्रुवारीच्या अखेरीसच कोकण किनाऱ्याला उष्णतेच्या लाटेचा इशारा मिळाला आणि ११ जूनला अपेक्षित असलेला मान्सून मुंबईत २६ मे रोजीच येऊन ठेपला. कुलाब्याच्या वेधशाळेत मे महिन्याच्या पावसाने १९१८ सालचा विक्रम मोडला. कोळीवाड्यात वलांडीवरचे बोंबील भिजून कुजले. आमच्या आगोटीच्या मिरच्या, पापड आणि आमसुले अर्धी वाळलेली, अर्धी बुरसलेली. काकूंच्या खोलीवरचे पत्रे थंड राहावेत म्हणून आम्ही झावळ्यांचे झाप अंथरले होते. पावसाळ्यापूर्वी ते काढावयाचे होते. पाऊस आधी आला आणि झाप वरच सडले.

आता आमच्या गावात हवेविषयी सर्व जण बोलतात. पारावर, बसथांब्यावर, मिस्सा सुटल्यावर चर्चच्या आवारात तोच विषय असतो. त्यात कुतूहल थोडे आणि धास्ती फार. कोणी हसण्यावारी नेतो, कोणी सरकारला दोष देतो, कोणी जगबुडीची भाकिते करतो. संध्याकाळी आभाळ लाल दिसले की उद्याची हवा सांगता येते, मग काळाची लक्षणे का ओळखता येत नाहीत, असे प्रभू येशूने आपल्या श्रोत्यांना विचारले होते. आमची गत त्यांच्याहून बिकट आहे. आता आभाळही पूर्वीसारखे वाचता येत नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात हवामान ही सर्वांची सामायिक ठेव असल्याचे सांगितले आणि तिच्या नासाडीचा पहिला फटका गरिबांना बसतो, याकडे लक्ष वेधले. ते परिपत्रक आले तेव्हा आमच्या अभ्यासमंडळात त्यावर एक व्याख्यान झाले होते. आम्ही आभार मानले होते आणि चहा घेऊन घरी आलो होतो. गरीब म्हणजे दूरचे कोणीतरी, असे तेव्हा वाटले होते. माडीवर पत्र्याखाली झोपणारी आपली काकू त्यांत असेल, हे ध्यानी आले नव्हते.

काकूंची खाट आता तळमजल्यावर, उत्तरेच्या खोलीत आहे. त्या बाजूला पुन्हा कौले घालण्यासाठी आम्ही पैसे साठवीत आहोत. इंग्लंडातल्या भाच्याला दर उन्हाळ्यात आम्ही फोन करतो आणि प्रथम हवेचीच चौकशी करतो. तोही करतो. "मामा, पाणी पिता ना?" असे विचारतो. त्या विचारण्यात पूर्वी जे कुशल होते तेच असते.

२९ मार्च २०२४ रोजी शुभ शुक्रवारी पहाटे आम्ही काकूंना निरोप द्यावयास गेलो. त्यांना टेकडी आता चढवत नाही. तरी त्या उठून बसल्या होत्या. पायथ्याशी आमच्या कुंपणालगत त्यांनी नातवांकरवी दोन माठ आणि पेले मांडून घेतले होते.

"इतक्या पहाटे पाणी कोण पिणार, काकू?" आम्ही विचारले.

"जाताना नको, येताना पितील," त्या म्हणाल्या. "आणि त्या पोरीला पहिला पेला दे."

अंधारात पहिले स्थान सुरू झाले. समुद्राकडून गार वारा येत होता.