पाच किलोमीटर कुठे गेले?

नाशिकच्या आमच्या दारापासून गावच्या अंगणापर्यंत सत्तर किलोमीटर. पेठच्या रस्त्याला लागायचं, सावळघाट ओलांडायचा, पुढे डांबर सोडून आत वळायचं. इतक्या वर्षांत हा आकडा पाठ झालाय. त्यामुळे २०२४ च्या दिवाळीत गावी पोहोचलो तेव्हा सहज मीटरकडे नजर गेली आणि मी चमकले. पासष्ट! म्हटलं, पाच किलोमीटर कुठे गेले?

नातू म्हणाला, "आजी, टायर मोठे केलेत ना, म्हणून."

तर मंडळी, ही त्या टायरांची गोष्ट. नातेवाइकांपैकी काहींना अर्धी ठाऊक आहे, उरलेली आज सांगते.

आमच्या नातवाकडे, म्हणजे सोन्याकडे, २०२१ ची थार आहे. २०२० साली ही नवी थार आली, ती आमच्या नाशिकच्या कारखान्यातच बनू लागली, त्यामुळे इथल्या पोरांना तिचा जरा जास्तच अभिमान. पण सोन्याची गाडी नुसती मिरवायला नाही. गावी माझ्या मोठ्या जाऊबाई राहतात. आम्ही त्यांना माई म्हणतो. वय ब्याऐंशी. दर महिन्याला डोळ्यात इंजेक्शन घ्यायला त्यांना नाशिकला आणावं लागतं आणि ते काम सोन्याने आपणहून अंगावर घेतलंय.

त्या वर्षी पावसाळ्यात गावाअलीकडच्या ओढ्यात गाडीचं पोट दगडावर आपटलं. माई आत होत्या. काही मोडलं नाही, पण सोन्या घाबरला. "मोठ्या आजीला घेऊन मध्येच अडकलो तर?" हाच घोर. मग कुणीतरी सांगितलं, टायर मोठे घाल, स्प्रिंगा बदल, गाडी उंच कर. खर्च लाखाच्या वर. त्यात वीस हजार माझ्या पेन्शनचे होते, हे आधीच कबूल करते. माईंसाठीच तर चाललंय, असं मला वाटलं.

गाडी तयार होऊन आली तेव्हा दिसत होती मात्र रुबाबदार! सगळी गल्ली बघायला आली.

दिवाळीनंतर माईंना न्यायची वेळ झाली. सोन्याने दार उघडलं. माईंनी एक हात दाराला लावला, पाय उचलला, पुन्हा खाली ठेवला. असं दोनदा झालं. सोन्या धावत जाऊन प्लास्टिकचं स्टूल घेऊन आला. माई हसल्या. "अरे, मला काय नवरीसारखं पाटावर चढवतोस?" मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "अगं, भातकापणीची गडबड आहे. या खेपेला राहू दे. पुढच्या महिन्यात बघू."

माईंनी भात कापायचं सोडून पंधरा वर्षं झाली.

त्या महिन्याचं इंजेक्शन चुकलं. डॉक्टर पुढच्या वेळी बोलायचं ते बोलले. मी आणि सोन्या मान खाली घालून ऐकत बसलो.

घरी आल्यावर मी डायरी काढली. मी मराठी आणि इतिहास शिकवणारी बाई, गणिताची नव्हे. पण परीघ काढायला बी.ए. पुरतं. जुन्या टायरवर लिहिलेलं होतं २४५/७५ आर १६. म्हणजे टायरची रुंदी २४५ मिलिमीटर, बाजूच्या भिंतीची उंची त्याच्या ७५ टक्के आणि मधली रिम १६ इंच. दोन्हीकडच्या भिंती आणि रिम मिळून व्यास झाला ७७४ मिलिमीटर. नवे टायर २८५/७५ आर १६, व्यास ८३४. चाकाच्या एका फेऱ्यात गाडी पूर्वी २ मीटर ४३ सेंटिमीटर जायची, आता २ मीटर ६२ जाते. मीटर बिचारं फेरे मोजतं. चाक मोठं झालं हे त्याला कोण सांगणार? सापडले माझे पाच किलोमीटर! वेगाचंही तेच. काटा साठावर असतो तेव्हा गाडी पूर्वीच्या मानाने चौसष्ट-पासष्टने पळत असते.

पण खरी गंमत पुढे आहे. व्यास ६० मिलिमीटरने वाढला, तरी गाडी उचलली गेली त्याच्या निम्मी, ३० मिलिमीटर, कारण जमीन आणि आस यांच्यामध्ये अर्धंच चाक असतं. उंच स्प्रिंगांनी आणखी दोन इंच दिले. पण ते मिळाले कुणाला? वरच्या सांगाड्याला. थारच्या मागच्या दोन चाकांना जोडणारा एकसंध दांडा आहे, त्याच्या मधोमध डिफरन्शियलचा गोल डबा. ओढ्यात दगडावर आपटला होता तो हाच डबा! स्प्रिंग कितीही उंच करा, तो दांडा चाकांच्याच आधाराने राहतो. म्हणजे दगडापासून वाचायला मिळाला सव्वा इंचसुद्धा नाही आणि माईंना चढायला वाढले तीन इंचांहून जास्त.

सोन्याने वही हातात घेऊन दोनदा आकडे तपासले. मग हळूहळू तोही बोलायला लागला. घाटात उतारावर ब्रेक जास्त दाबावा लागतो. चढावर गाडी जड वाटते, कारण चाक मोठं झालं की गिअरचा जोर तेवढा कमी पडतो. वळणावर गाडी कलते, समोरचे लोक दिव्यांचा प्रकाश डोळ्यांवर येतो म्हणून हॉर्न वाजवतात. दुकानदाराने यातलं काहीच सांगितलं नव्हतं. कायद्याचंही नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावलंय. उद्या काही अपघात झाला असता तर विमा कंपनीने काय म्हटलं असतं, याचा विचारच नको.

मी त्याला रागावले नाही. रागावायचं तर आधी स्वतःवर. वीस हजार देताना मी "माईंसाठी" म्हटलं, पण माईंना एका शब्दाने विचारलं नव्हतं. त्या गाडीत त्यांचा पाय कुठपर्यंत उचलला जातो, हे आम्हा दोघांपैकी कुणीच मोजलं नव्हतं.

जुन्या स्प्रिंगा सोन्याने माळ्यावर ठेवल्या होत्या, त्या पुन्हा बसवल्या. मोठे टायर घाट्यात विकले. आता मूळ मापाचेच, पण खोल नक्षीचे टायर आहेत. डांबर संपलं की तो उतरून चारही चाकांतली हवा २० वर आणतो. टायर जरा पसरतो, जमीन जास्त धरतो, धक्केही कमी बसतात. मात्र तेव्हा गाडी सावकाश चालवायची आणि डांबर लागायच्या आत छोट्या पंपाने हवा पुन्हा भरायची. दहा मिनिटं लागतात. आणि ओढ्यातला तो दगड? गावातल्या चौघांनी पहारी लावून अर्ध्या तासात बाजूला केला. सोन्याने आधी कुणाला सांगितलंच नव्हतं!

मागच्या महिन्यात माई स्वतःच दार धरून चढल्या. बसल्यावर पदर नीट केला आणि म्हणाल्या, "हां, ही आपली गाडी."

सोन्याने काही न बोलता गाडी सुरू केली. घरी पोहोचल्यावर मी मीटर बघितलं. सत्तर.