तासानंतरचे टाचण

पाठाचे टाचण शिक्षकांच्या हातात बसलेले असते. उद्याचा घटक, साहित्य, विचारायचे प्रश्न, सारे आदल्या दिवशी वहीत उतरते. तास संपल्यावर मात्र तिथे एवढाच शेरा पडतो : ‘पाठ पूर्ण झाला.’ वर्गात काय घडले, ते घंटेबरोबर विरून जाते.

दुसरीच्या वर्गातली वजाबाकी घ्या. ५२ मधून २७ वजा करायला सांगितले, की काही मुले ३५ लिहितात. ‘मुले लक्ष देत नाहीत’ असे लिहून शिक्षिकेला मोकळे होता येते. पण तिने ते ३५ तसेच वहीत उतरवले, ‘कसं केलंस रे?’ असे विचारून मुलाचे शब्दही टिपले, तर चूक बोलू लागते. दोनातून सात जात नाहीत, म्हणून त्याने सातातून दोन काढले. हा नियम त्याला कुणी दिला? मागची पाने चाळताना सापडते, की ‘मोठ्यातून लहान वजा करायचे’ हे तिचेच वाक्य होते आणि आठवडाभराच्या प्रत्येक उदाहरणात वरचा अंक मोठाच होता. मूल बेफिकीर नव्हते, शिकवलेले इमानाने पाळत होते. मग उद्याच्या टाचणात काड्यांचे गठ्ठे येतात, त्यातला दहाचा एक गठ्ठा सोडून सुट्या काड्या करण्यासाठी.

स्टाफरूममधल्या गप्पांत ‘मुले लक्ष देत नाहीत’वर सगळे मान डोलावतात आणि विषय तिथेच मिटतो. कागदावर मात्र त्या वाक्याला पुरावा द्यावा लागतो.

कामाकडे असे वळून पाहण्याला डोनाल्ड शॉन यांच्या १९८३ मधल्या ‘द रिफ्लेक्टिव्ह प्रॅक्टिशनर’ या पुस्तकाने व्यावसायिक शिक्षणात मोठी जागा मिळवून दिली. १९८८ मध्ये ग्रॅहम गिब्ज यांनी त्याच्या सहा पायऱ्या मांडल्या : काय घडले, काय वाटले, बरे काय अन् वाईट काय, असे का झाले, आणखी काय करता आले असते, पुन्हा वेळ आली तर काय करणार. दुसरी पायरी बहुतेक जण गाळतात. खरे तर वर्गावर ओरडण्याआधी आलेला थकवा किंवा भीती तिथेच नोंदवायची असते.

ब्रिटनमध्ये २०१६ पासून नोंदणी टिकवण्यासाठी परिचारिकांना दर तीन वर्षांनी अशी पाच चिंतनपर टिपणे लिहावी लागतात. त्यांत रुग्णाची ओळख पटेल असे काहीही चालत नाही. शिक्षकाच्या वहीतही मुलाचे नाव नको. त्याचे उत्तर पुरते.

आपल्याकडेही ही वाट जुनी आहे. भावनगरच्या गिजुभाई बधेकांनी ‘दिवास्वप्न’मध्ये चौथीच्या वर्गावरचे प्रयोग एका शिक्षकाच्या तोंडून सांगितले, फसलेल्या बेतांसकट. त्यांच्यासोबत काम केलेल्या ताराबाई मोडकांनी पुढे बोर्डी आणि कोसबाडला बालशिक्षण रुजवले. कोल्हापुरात १९८५ साली सृजन आनंद विद्यालय सुरू करणाऱ्या लीलाताई पाटीलही वर्गातले अनुभव लिहीत राहिल्या.

रोज पानभर लिहायला कोणत्याच शिक्षकाला वेळ नसतो. आठवड्यातून एक प्रसंग, दहा ओळी, तारखेसह, एवढे जमते. जूनमध्ये नवी दुसरी समोर बसते. वजाबाकीचा घटक येण्याआधी ती शिक्षिका जुनी वही काढते, ३५चे पान उघडते आणि फळ्यावर पहिले उदाहरण लिहिण्याआधी काड्या मोजून ठेवते.