काढा निववताना

उकळणे दिसते, ऐकू येते, त्याचा वास घरभर पसरतो. निवणे मात्र कोणाच्या ध्यानात येत नाही. दूध उतू जाऊ नये म्हणून गृहिणी चुलीपाशी उभी राहते. ते निवत असताना तिथे कोणी उभे राहत नाही. निवणे हे काळाचे काम, आपले नव्हे, अशीच सर्वांची समजूत असते.

बीअर करणाऱ्याला ही समजूत परवडत नाही. मोड आणून वाळवलेला सातू भरडून, गरम पाण्यात मुरवून काढलेला गोड रस तो हॉपच्या फुलांसह तास-दीड तास उकळतो. धंद्यातली माणसे या काढ्याला ‘वर्ट’ म्हणतात. चुलीवर असेतो त्यात काही जगत नाही, म्हणून तो निर्धोक. आच बंद झाली की मात्र त्याचा नाजूक काळ सुरू होतो. ऐंशी अंशांच्या वर तो रेंगाळला तर शिजवलेल्या कोबीसारखा वास धरतो. साठाच्या खाली उतरून कोमट राहिला तर हवेतल्या आणि भांड्यातल्या जंतूंना आयते पक्वान्न मिळते. तो तासाभरात वीस अंशांच्या आसपास आणावा आणि मगच त्यात यीस्ट सोडावे, अशी रीत आहे. पाश्चरने १८७६ साली बीअरवरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यातून बीअर नासण्यामागचे हे सूक्ष्म जीव जगासमोर आले. त्यापूर्वीही जुने कारागीर हिवाळ्यातच बीअर करीत. बेल्जममध्ये काही ठिकाणी आजही उघड्या, पसरट परातींत काढा रात्रभर थंडीत ठेवतात आणि हवेतल्या जंतूंनाच आवतण देतात; परंतु तेही ऑक्टोबर ते एप्रिल एवढ्याच काळात.

हा उद्योग दिल्लीच्या परिसरात करणे म्हणजे हवामानाशी वैर पत्करणे होय. इंग्रजांनी कसौली आणि सोलन इथे बीअरचे कारखाने काढले, त्यामागे तिथली थंड हवा आणि झऱ्यांचे पाणी होते. आज मात्र २०१६ पासून कागदोपत्री गुरुग्राम झालेल्या आणि बोलण्यात अजून गुडगावच राहिलेल्या शहरात, सेक्टर २९ सारख्या वस्त्यांत, काचेच्या भिंतीआड तांब्या-पोलादाची पिंपे उभी आहेत, आणि तिथेच केलेली बीअर तिथेच विकली जाते. परदेशात हाच छंद लोक घरी करतात. चार जण मिळून एक शीतक विकत घेतात आणि पाळीपाळीने वापरतात. इथे ते शक्य नाही. हरियाणात १९१४ चा पंजाब अबकारी कायदा आणि दिल्लीत २००९ चा अबकारी कायदा विनापरवाना मद्यनिर्मितीला मनाई करतो. म्हणून सामाईक भांड्याची सगळी नीती-अनीती या परवानाधारक भट्ट्यांतच पाहायला मिळते. चूल एक, शीतक एक, आणि पाळीवर येणारी माणसे तीन-चार.

अशाच एका ठिकाणी करवीर तालुक्यातून आलेला एक तरुण काम करीत असे. त्याचे आजोबा गुळव्या होते. गुऱ्हाळ त्याने लहानपणापासून पाहिले होते: चरकातून पडणारा रस, चिपाडाची आच, भेंडीचे पाणी घालून वर आणलेली मळी, आणि रसाचा रंग पाहूनच काहील उतरवण्याची वेळ सांगणारे आजोबा. गुऱ्हाळही सामाईकच. आज एकाचा ऊस, उद्या दुसऱ्याचा. पहिल्याने काहील नीट घासली नाही तर दुसऱ्याच्या गुळाचा रंग बिघडतो. पण काहील उघडी असते. तिच्या तळाशी चिकटलेली करप येणारा-जाणारा पाहतो, आणि चार माणसांच्या देखत घाण काहील मागे ठेवून जाण्याची कोणाची छाती होत नाही.

गुडगावच्या भट्टीतले शीतक तसे नव्हते. पातळ पोलादी पत्र्यांची ती एक घट्ट आवळलेली चळत होती. एका फटीतून उकळता काढा वाहतो, शेजारच्या फटीतून उलट दिशेने थंड पाणी. दोघांमध्ये फक्त पत्र्याची जाडी. ते एकमेकांना स्पर्श करीत नाहीत, तरी एकाची उष्णता दुसऱ्याकडे जाते. दूध तापवण्यासाठी १९२३ च्या सुमारास इंग्लंडात निघालेली ही युक्ती सुबक आहे, यात शंका नाही. नळाचे पाणी आत जाते आणि ऊन होऊन बाहेर पडते. ते साठवून दुसऱ्या दिवशीचा सातू भिजवायला घेतात. भूजल वर्षानुवर्षे खोल जात चाललेल्या शहरात एवढे पाणी गटारात सोडणे लाजिरवाणेच झाले असते.

परंतु जून महिन्यात ही युक्ती थकते. छतावरच्या टाकीतले पाणी अंघोळीलासुद्धा सोसत नाही, ते काढ्याला काय निववणार? ज्या पाण्याने निववायचे त्याच्यापेक्षा काढा थंड होऊ शकत नाही, हा साधा हिशेब आहे. पाचशे लिटर काढा अठ्ठ्याण्णव अंशांवरून विसावर आणायचा तर सुमारे एकोणचाळीस हजार किलोकॅलरी उष्णता काढून घ्यावी लागते. तेवढ्या उष्णतेत जवळजवळ त्याच्याच वजनाचा, म्हणजे अर्ध्या टनाच्या आसपास बर्फ वितळेल. म्हणून अखेरच्या टप्प्यासाठी यंत्राने गार केलेले पाणी लागते आणि विजेचे बिल चढते. लू वाहत असते तोवर सुरईतले पाणी गार राहते, छतावरचा शीतमनोराही त्याच न्यायाने बरे काम करतो. जुलैत हवा दमट झाली की दोघेही हात टेकतात. या भूमीत गारव्याचा शोध जुना आहे. अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त लिहून ठेवले आहे की धातूच्या सुरईत शेरभर पाणी भरून तिचे तोंड बंद करीत, आणि पाच शेर पाण्यात अडीच शेर सोरा टाकून त्यात ती सुरई पाव तास फिरवीत. सोरा विरघळताना उष्णता ओढून घेतो. एका शेरासाठी केवढा खटाटोप! बादशहाच्या घरीच तो शोभावा.

शीतकाचा खरा शत्रू मात्र ऊन नव्हे. हॉपची पाने, काढ्यातून साकळलेली प्रथिने, कठीण पाण्याचे क्षार हे सारे त्या फटींत अडकून राहते, आणि बाहेरून पोलाद आरशासारखे लखलखत असते. काम संपल्यावर प्रथम उलट्या दिशेने पाणी सोडून गाळ बाहेर काढायचा. मग कॉस्टिक सोड्याचे ऊन द्रावण फिरवायचे. मग भरपूर पाणी. आठवड्याने आम्लाची धुलाई, म्हणजे क्षारांचा थर सुटतो. शेवटच्या पाण्यात फिनॉल्फथॅलीनचे दोन थेंब टाकायचे. पाणी गुलाबी झाले तर सोडा अजून आत आहे. हे सगळे व्हायला दीड-दोन तास जातात, आणि तेही रात्री, गिऱ्हाईक घरी गेल्यावर, पाय दुखत असताना. भिंतीला एक वही टांगलेली असे. धुलाई झाली की तारीख घालायची, सही करायची. एवढाच त्या बंद पेटीविषयीचा पुरावा.

एका पावसाळ्यात लागोपाठ तीन पिंपे आंबट झाली. दीड हजार लिटर बीअर नाल्यात गेली. यीस्टवर संशय घेतला गेला, मग सातूवर, मग पाण्यावर. वहीत सर्व काही यथास्थित होते. त्या तीन रात्रींच्या आधीच्या सह्या रेवाडीकडच्या एका वयस्क कामगाराच्या होत्या. त्याने या तरुणाला हे काम हाताला धरून शिकवले होते; सगळे त्याला ‘चाचा’ म्हणत. तरुणाने त्याला काही विचारले नाही. विचारले असते तर चाचाने ‘केली’ असे सांगितले असते, आणि पुढचे सगळे दिवस त्या एका शब्दाच्या दोन बाजूंना उभे राहून काढावे लागले असते. सुटीच्या दिवशी त्याने पाना घेतला आणि शीतकाचे बोल्ट सैल करायला सुरुवात केली. थोड्या वेळाने चाचा येऊन समोर बसला आणि दुसऱ्या बाजूचे बोल्ट काढू लागला.

मधल्या पत्र्यांवर पिवळसर, बुळबुळीत साय होती. तिला वास येत होता. दोघांनी एकेक पत्रा मऊ ब्रशने घासला, क्रम चुकू नये म्हणून जमिनीवर ओळीने मांडला. चिरलेली गॅस्केटे बदलली. चळत पुन्हा जोडताना दोन्ही टोकांतले अंतर मोजपट्टीने चारही कोपऱ्यांवर तपासले, कारण कमी आवळली तर गळते आणि जास्त आवळली तर पत्रे चेपतात. घुडघ्याचे दुखणे वाढल्यापासून उलट्या पाण्याचा पंप लावायला खाली वाकवत नाही, एवढे चाचा मधेच म्हणाला. हे तो कोणाला उद्देशून म्हणाला, ते कळले नाही.

त्यानंतर पंप उचलून कमरेच्या उंचीच्या चौथऱ्यावर बसवला गेला. वहीतही एक फरक झाला. धुणाऱ्याने सही करायची पद्धत बंद झाली. दुसऱ्या दिवशी जो काढा करणार असेल त्याने आधी उलटे पाणी एका पांढऱ्या बादलीत सोडायचे, बादलीत काय येते ते उजेडात पाहायचे, आणि मग स्वतःची सही करायची. बादलीत एखादे पान दिसले तर कोणाचेही नाव न घेता पुन्हा धुलाई. पहिल्या महिन्यात तशी चार वेळा करावी लागली. त्यांतल्या दोन वेळा आदल्या रात्री धुलाई या तरुणानेच केली होती. त्या दोन्ही सकाळी बादलीपाशी चाचा होता. त्याने पान चिमटीत धरून बाजूला ठेवले आणि पंप सुरू केला.